नाक आणि पत्थरसुवा

"रानफूल म्हणजे काय हो? तुम्हाला कुणी 'गावमाणूस' म्हणून हाक मारली तर चालंल का?"

असं म्हणत समोरच्याच्या नाकाखाली एक चुरगळलेलं पान धरायचं आणि हुकूम सोडायचा, "हुंगा." आमच्या कॉलेजातल्या बॉटनीच्या मॅडमची ओळख अशीच व्हायची. तुम्ही प्राचार्य असा, पालक असा, नाहीतर गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस असा, पान नाकापर्यंत आलं की सुटका नसायची. मागं सरकावं तर भिंत असायची. आधी स्वतः एकदा हुंगायच्या, डोळे मिटून "आहाहा" म्हणायच्या आणि मग तुमच्याकडं वळायच्या.

तुळजापूरच्या जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजूला, पठारावर आमचं कॉलेज आहे. पुढं रस्ता, मागं कॉलेजच्याच मालकीचा मुरमाड माळ. मी तिथं अर्थशास्त्र शिकवतो. झाडं मला दोनच प्रकारची माहीत होती, गाडी लावायला सावली देणारी आणि न देणारी. मॅडमना हे कळलं त्या दिवशी त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आपण कॉपी करताना सापडलो.

एकदा एका सहकाऱ्याच्या वास्तुशांतीला गेलो होतो. गुरुजी मंत्र म्हणत दूर्वा वाहत होते. मॅडम पुढं सरकल्या, ताटातली जुडी उचलली, सोडली आणि गवत निवडायला बसल्या. "गुरुजी, यातल्या निम्म्या दूर्वा न्हायत. हे दुसरंच गवत आहे."

"चालतं हो मॅडम, देवाला भाव लागतो," गुरुजी म्हणाले.

"देवाला चालत असंल. मला न्हाय चालत."

गुरुजींनी निवडलेल्या दूर्वा मुकाट्यानं वाहिल्या. जेवताना मात्र ते मॅडमपासून लांब बसले.

कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती आली, तेव्हा तर कमालच झाली. प्राचार्यांनी महिनाभर आधीपासून रंगरंगोटी चालवली होती. ऑफिसपुढं फुलांचा वाफा केला, त्यात पाकिटातलं बी आणून पेरलं, रोज शिपायाला उभं करून पाणी घातलं. समितीचे अध्यक्ष उतरले, त्यांच्या हातात गुच्छ दिला. मॅडम ओळखीसाठी पुढं आल्या आणि गुच्छाकडं बोट करून म्हणाल्या, "हे आफ्रिकेतलं हो. त्या वाफ्यातलं पण बाहेरचंच. चला मागं, तुम्हाला इथलं दाखवते."

अध्यक्ष बिचारे सज्जन होते, ते गेले. परत आले ते पायमोज्यांत माळभरची कुसळं घेऊन. प्राचार्य पडद्यावर कॉलेजची प्रगती दाखवत होते आणि अध्यक्ष खाली वाकून एकेक कुसळ उपटत होते. प्राचार्यांचा त्या माळावर राग बसला तो त्या दिवसापासून.

तसं बघितलं तर मॅडम रागावण्यासारख्या बाई नव्हत्याच. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी स्टाफरूमच्या टेबलावर एक एकदांडीचं फूल टाचणीनं सुटं केलं. आपण खरचटलं की जिचा पाला चोळून लावतो, ती एकदांडी. ती पण मूळची बाहेरची, हे सांगून त्यांनी आधी आमचा मूड घालवला. मग म्हणाल्या, "हे एक फूल न्हाय सर, अख्खी वरात आहे. शेकडो बारकी फुलं एका जागी दाटीनं बसलेली. कडेला हे पाकळीवाले दिसतात ना, ते नुसते मिरवायला. आतले हे बारके, मान खाली घालून राबणारे. सगळं डेझीचं घराणं असंच."

"म्हणजे आपल्या कॉलेजसारखंच," मी म्हणालो.

"व्हय. फक्त इथं कडेचे जास्त झालेत."

प्राचार्य पलीकडच्या खुर्चीवर चहा पीत होते. त्यांनी कप ठेवला आणि उठून गेले.

मग कोरोना आला. मॅडमना पण झाला. महिनाभर त्या तुळजापूरला माहेरी भावाकडं पडून होत्या. परत आल्या तेव्हा तशाच होत्या, तोच आवाज, तीच टाचणी. "हुंगा" पण तेच. एवढाच फरक होता की आता त्या स्वतः हुंगत नव्हत्या. पान थेट आपल्या नाकाखाली यायचं आणि वर प्रश्न यायचा, "सांगा, कसा येतो? लिंबासारखा? का ओव्यासारखा?" आम्हाला वाटलं, शिकवायची नवी पद्धत असंल. हल्ली पद्धती फार निघतात.

खरं काय ते कळलं एका उंदरामुळं. स्टाफरूममधल्या लोखंडी कपाटामागं एक मेला. कपाट हलवायला माणसं मिळेनात आणि वास तर असा, की मराठीचे सर दारातूनच हजेरीपट मागवून घ्यायचे. आम्ही सगळे व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसलो. मी तोंडाला रुमाल बांधून माझी बॅग आणायला आत गेलो, तर मॅडम कपाटाला पाठ लावून डबा खात होत्या. समोर पेपरांचा गठ्ठा आणि एका हातात लाल पेन.

"सगळे कुठं गेले हो?" त्यांनी विचारलं.

मी रुमाल खाली केला, परत वर केला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, रुमालाकडं बघितलं आणि हातातला घास डब्यात ठेवला.

"काय मेलंय?"

"उंदीर. तुमच्या मागं."

त्यांनी डबा शांतपणे बंद केला. "कोरोनात वास गेला तो परत आलाच न्हाय सर. डॉक्टर म्हणतात येईल, येईल. तिखट कळतं, मीठ कळतं, बाकी सगळं कागद खाल्ल्यासारखं. सकाळी धूप लावते आणि तो पेटलाय का विझलाय ते वाकून बघते." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "कुणाला सांगू नका. बॉटनीच्या बाईला वास येत न्हाय, म्हणजे तुमच्या अर्थशास्त्राच्या मास्तराकडं पैसा नसल्यासारखं झालं."

"तो नाहीच माझ्याकडं."

"मग कळंल तुम्हाला," त्या म्हणाल्या. "आजपासून तुमचं नाक माझं."

मी व्हय म्हणालो. नाही म्हणायची सोय नव्हती आणि खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं होतं.

त्यानंतर मी मॅडमच्या मागं माळावर फिरायला लागलो. सहकारी चेष्टा करायचे. घरी मंडळी विचारायची, पगार वाढला का म्हणून. मॅडम पान चुरगळायच्या, मी हुंगायचो आणि सुचंल ते सांगायचो. "औषधाच्या दुकानासारखा" म्हणालो की त्या वैतागायच्या. "कुठल्या औषधाच्या? नीट सांगा. लग्न झालेल्या माणसाला एवढं पण वर्णन करता येईना व्हय?"

त्याच पावसाळ्यात प्राचार्यांनी माळावर झाडं लावायचं ठरवलं. जेसीबीनं खड्डे, गुलमोहर, पाटी, फोटो, सगळं ठरलं. मीटिंगमध्ये म्हणाले, "एवढी जागा रिकामी पडलीय, दिसायला वाईट दिसतं."

"रिकामी?" मॅडम उभ्याच राहिल्या. "सर, तो माळ भरलेला आहे. गवत हेच तिथलं पीक. झाडं लावून तुम्ही तो मोडणार. गुलमोहर काय, रस्त्याला पण येतो."

"मॅडम, नुसतं गवत गवत करू नका. नाव घेण्यासारखं, फक्त असल्याच माळावर येणारं एकतरी झाड मला दाखवा. लगेच खड्डे रद्द करतो. सोमवारी जेसीबी येतोय."

मीटिंग झाली शुक्रवारी. शनिवारी कॉलेज सुटल्यावर आम्ही माळावर. एका बाभळीखाली बसून आधी डबा खाल्ला. हात धुवायला पाणी उरलं नव्हतं, रुमालाला पुसले. मग मॅडम वाकल्या त्या वाकल्याच. ऊन कलायला लागलं तेव्हा त्यांनी मला हाक मारली. आवाज वेगळाच होता.

मुरमात वीतभर सुद्धा नसलेली रोपं उभी होती. पानं बारीक चिरलेली, शेंड्याला मिटलेल्या कळ्या.

"पत्थरसुवा असंल सर. आपल्या इथलं डेझीच्या घराण्यातलं, अगदी इथलंच. रेताड, मुरमाड माळ सोडून कुठं येत न्हाय. कॉलेजात शिकत होते तेव्हा आमच्या सरांनी एकदा दाखवलं होतं, त्यानंतर कधीच दिसलं न्हाय." त्यांनी एक पान तोडलं. "फूल उमललं असतं, बी धरलं असतं, तर डोळ्यानं सांगितलं असतं. पण जेसीबी काही फुलासाठी थांबणार न्हाय. आता एकच खूण. सुवा म्हणजे शेपू. याला शेपूचा वास येतो. हुंगा."

मी पान बोटांत चांगलं चुरगळलं आणि हुंगलं. शेपू! एवढा स्वच्छ शेपू की डोळे बांधले असते तरी सांगितलं असतं.

"नक्की?"

"मॅडम, शेपू कळत नाही व्हय मला? आठवडाभर तोच खातोय."

मॅडम तिथंच मांडी घालून बसल्या. हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. "मिळालं हो सर," एवढंच परत परत म्हणत होत्या.

सोमवारी जेसीबी आला आणि परत गेला. प्राचार्य शब्दाला पक्के निघाले. कुणीतरी पेपरात बातमी दिली, मॅडमचा फोटो छापून आला, खाली 'अतिदुर्मिळ वनस्पती सापडली'. मॅडम वैतागल्या. "दुर्मिळ कुठं म्हणलं मी? इथलं आहे म्हणलं. इथलं असणं ह्यांना पुरत न्हाय व्हय?" पण ते कात्रण त्यांनी पर्समध्ये ठेवलं होतं, मी बघितलं.

मग त्या कळ्या उमलल्या.

मॅडमनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर दोन फुलं होती, पिवळीधमक, अगदी एकसारखी. "हे माळावरचं. आणि हे प्राचार्यांच्या वाफ्यातलं. पाकिटातली परदेशी डेझी आहे सर. बी वाऱ्यानं उडालं आणि मागं जाऊन रुजलं. पत्थरसुव्याचं फूल एवढं मिरवत न्हाय, बारकं असतं."

"पण वास? शेपू आला होता मला!"

त्यांनी माळावरचं पान माझ्या हातात दिलं. मी हुंगलं. उग्र, लिंबासारखा काहीतरी वास. शेपूचा पत्ता नाही.

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. "सर, त्या शनिवारी डब्यात काय होतं?"

मी आठवलं. आठवल्यावर खुर्ची ओढून खाली बसलो. भाकरी आणि शेपूची भाजी. हातानं खाल्लेली, रुमालाला पुसलेली, आणि त्याच बोटांनी चुरगळलेलं पान.

मॅडम हसायला लागल्या ते थांबेचनात. "बायकोची भाजी हुंगली हो तुम्ही! आणि मी पेपरात फोटो देऊन बसले!" हसता हसता त्यांनी दोन्ही फुलं बाजूला सारली. "मला कुणीही फसवलं असतं. पहिल्यासारखं नाक असतं तर एकदा नुसतं जवळ नेऊन कळलं असतं."

मी म्हणालो, "मॅडम, गप्प बसा. माळ वाचलाय. फूल कोण ओळखतंय इथं? मी तर नाहीच."

"मी ओळखलंय की."

"अहो, पण जेसीबी परत येईल!"

"येऊ द्या. पोरांच्या जर्नलवर मी काय लिहिते? चुकीचं नाव लिहू नका, कोरं सोडा. आता मीच सांगितलेलं चुकीचं नाव गावभर झालंय. उद्या माळावर काही खरं सापडलं तर कोण विश्वास ठेवंल?"

मी लई समजावलं. त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या.

पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्या स्टाफसमोर उभ्या राहिल्या आणि एका दमात सांगून टाकलं. "मी चुकले. ते पत्थरसुवा न्हाय, प्राचार्य सरांच्या वाफ्यातलं फूल आहे. आणि का चुकले ते पण सांगते. कोरोनापासून मला वास येत न्हाय."

सगळे त्यांच्याकडं टकामका बघायला लागले. ते मला सहन होईना. मी ताडकन उठलो आणि म्हणालो, "शेपू माझा होता!"

"कसला शेपू?" प्राचार्य म्हणाले.

ते सगळं समजावून सांगेपर्यंत निम्मा स्टाफ टेबलाखाली वाकून हसत होता. प्राचार्य हसले नाहीत. "मॅडम, सांगायचं तरी आम्हाला," ते हळू म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "मग जेसीबीला निरोप देऊ?"

"द्या. शब्द म्हणजे शब्द. फक्त एक करा. जेसीबीच्या पुढं मी चालणार. मी थांब म्हणीन तिथं खड्डा न्हाय."

प्राचार्यांनी मान डोलावली. त्यांना बहुतेक वाटलं असंल, चालून चालून किती चालतील.

मॅडम आता आमच्याकडं नाहीत. त्यानंतर वर्षभरात रिटायर झाल्या आणि पुण्याला मुलीकडं गेल्या. तिथं सोसायटीच्या बागेत माळ्याला हैराण करत असतील, माझी खात्री आहे. त्यांच्या जागी एक तरुण सर आलेत. ते कुणाला काही हुंगायला लावत नाहीत, आणि स्टाफरूम कशी बेचव झालीय. गुलमोहरांतले बरेच उन्हाळ्यात वाळून गेले. पण मला सांगायचंय ते जेसीबी आला त्या दिवसाचं.

भाद्रपदातलं ऊन होतं. मॅडम पुढं, मी मागं, आमच्या मागं जेसीबी. निघायच्या आधी त्यांनी मला नळावर उभं करून साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले होते. दर खड्ड्याच्या जागी त्या उकिडव्या बसायच्या, भिंगातून बघायच्या आणि बाजूला व्हायच्या. मग यंत्राचा हात खाली यायचा. तेर गावचा एक दणकट गडी जेसीबी चालवत होता. "ओ मॅडम, डिझेल जळतंय," तो दर वेळी वरून ओरडायचा. "जळू द्या, तुमचं न्हाय," मॅडम खालून ओरडायच्या. प्राचार्य बाभळीखाली छत्री धरून उभे होते.

दुपार टळली. अर्ध्याच्या वर माळ उकरून झाला होता. मॅडमच्या साडीचा घोळ मुरमानं मळला होता. आता बास करा म्हणावं असं मनात आलं, पण जीभ रेटेना. राहिलं होतं ते कोपऱ्यातलं टेकाड. तिथं मुरूम पण धड नाही, नुसती रेताड माती.

टेकाडावर त्या वाकल्या आणि त्यांनी हात वर केला. "थांब रे!"

चार बोटं उंचीची रोपं. फुलं एवढीशी पिवळी, की मी दोनदा पाय देता देता राहिलो. मॅडम नाव घेईनात. एक फूल तोडलं, भिंगाखाली धरलं. वाळलेल्या एका फुलातून बी तळहातावर काढलं. काळं, चपटं, टोकाला दोन काटे. त्यांनी ते मला दाखवलं, परत स्वतः बघितलं. 

"हुंगा," त्या म्हणाल्या.

मी पान चुरगळलं. शेपू आला. पण माझा माझ्या नाकावर विश्वास राहिला नव्हता. "मॅडम, माझं काही खरं नाही. दुसऱ्या कुणाला बोलवा."

जेसीबीवाला इंजिन बंद करून उतरला. त्यानं हुंगलं. "शेपू हाय की. म्या न्हाय खात, मला लांबनं कळतो."

प्राचार्य छत्री मिटून टेकाड चढून आले. मॅडमनी त्यांच्या नाकाखाली पान धरलं. त्यांनी हुंगलं, परत एकदा हुंगलं. "शेपूच की हो मॅडम," ते म्हणाले. "या टेकाडाला हात लावायचा नाही," असं जेसीबीवाल्याला सांगितलं, आणि आवाज अगदी नरम झाला होता त्यांचा.

मग मॅडमनी एक पान स्वतःच्या बोटांत चुरगळलं आणि स्वतःच्या नाकाशी नेलं. डोळे मिटले.  आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडं बघत उभे. मी देवाधर्मातला माणूस नाही, पण मनातल्या मनात तुळजाभवानीला म्हणालो, आई, एवढं एकदा येऊ दे.

त्यांनी डोळे उघडले.

"न्हाय आला," त्या म्हणाल्या.

चुरगळलेलं पान तळहातावर ठेवून त्या आमच्याकडं वळल्या.

"तुम्हा तिघांना आला ना?"

"आला मॅडम," प्राचार्य म्हणाले.

"शेपूच?"

"शेपूच."

"मग झालं तर," मॅडम म्हणाल्या. "आहे म्हणजे." आणि तिथंच खाली रेताडात बसून त्या ओक्साबोक्शी रडायला लागल्या.